सुंदरम्मा लाईनवर आहेत

चिंचोळी एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात बाहेर फोन करायचा तर आधी सुंदरम्माची मर्जी सांभाळावी लागे. "अक्का, जरा लाईन देता का?" असं गोडीनं विचारलं की लाईन लगेच मिळायची. "ए, लाईन दे" म्हणणाऱ्याला दिवसभर लाईन बिझी असायची. हा नियम कुठं लिहून लावलेला नव्हता, पण नव्या माणसाला तो पहिल्याच आठवड्यात कळून चुकायचा.

कारखान्याला बाहेरच्या लाईनी दोनच. त्या दोन्ही फाटकाजवळच्या खोलीत, तिच्या टेलिफोनच्या बोर्डावर येत. टेबलाटेबलावर फोन होते, पण त्यावरून थेट बाहेर लागत नसे. हे डोकं मालकांचं, म्हणजे शरणप्पांचं. सगळ्यांना मोकळी लाईन दिली तर लोक मेव्हण्यांशी गप्पा झोडत बसतील असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

सुंदरम्मा अक्कलकोटच्याही पलीकडची. घरात कन्नड, शाळा मराठी, तीही सातवीपर्यंतच. लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. त्यावर ती बोलत नसे, तेव्हा आपणही नको बोलायला. कारखान्यात ती आली ती टॉवेलच्या घड्या घालायला. एकदा बोर्डावरची मुलगी न सांगता गेली आणि मालकांनी हिला एका दिवसापुरतं तिथं बसवलं. तो एक दिवस पुढं वीस वर्षं चालला. रिसीव्हर कानाला लागला की ही बाई अशी शुद्ध बोलायची की पलीकडच्याला वाटावं, कुणी प्राध्यापिकाच बसवली आहे. रिसीव्हर खाली ठेवला की पुन्हा "हितं कोण बसलं हुतं रं?" सुरू.

तिच्या दोन सवयी होत्या. मागाच्या शेडमधल्या कामगारांचा फोन आला तर निरोप घेऊन ठेवावा, माणसाला कामावरून उठवू नये, असा मालकांचा हुकूम होता. सुंदरम्मा तो ऐकून घेई आणि स्वतः उठून शेडमध्ये जाऊन माणूस घेऊन येई. मालकांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी कधी विचारलं नाही. दुसरी सवय म्हणजे, कुणाचं बोलणं लांबलं की ती कळ दाबून मध्येच लाईनवर यायची आणि विचारायची, "बोलणं झालं का?" पूर्वी ट्रंक कॉल लावून देणाऱ्या बाया असंच विचारत. तिच्या लेखी तो शिष्टाचार होता. ऐकणाऱ्याला मात्र धाक वाटायचा आणि तो पटकन फोन ठेवायचा.

ही गोष्ट दोन हजार दोन सालातली. परदेशच्या गिऱ्हाइकानं कळवलं की नमुने आता पार्सलनं नकोत, आधी डिझाइनचे फोटो ई-मेलनं पाठवा. एक्स्पोर्टचं काम बघणारा अतीक पुण्याहून एक जुना लॅपटॉप घेऊन आला. त्यात मोडेम नव्हता, म्हणून एक वेगळं कार्ड आणलं. खेळायच्या पत्त्याएवढं, थोडं जाड. लॅपटॉपच्या कुशीत एक फट होती, तिच्यात ते सरकवायचं. त्याच्या शेपटाला बोटभर वायर आणि तिच्या टोकाला फोनची पिन. ही शेपटी इतकी नाजूक होती की अतीक तिला हात लावताना श्वास रोखायचा.

कार्ड बसलं, सीडी घातली, लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला. शेवटी मोडेम सापडला असं यंत्रानं कबूल केलं. अतीकनं टेबलावरच्या फोनची वायर काढून कार्डाला जोडली, नंबर घातला आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं की डायल टोन नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तो बोर्डाच्या खोलीत आला.

"अक्का, लाईन मेलीय का आपली?"

"मेली कशानं? आत्ताच कुर्डुवाडीला बोलणं झालं की."

कार्डाबरोबरचं पुस्तक वाचल्यावर घोळ कळला. यंत्राला बाहेरच्या एक्स्चेंजचा टोन ओळखीचा, आणि कारखान्याच्या आतल्या फोनवर बोर्डाची वेगळीच घरघर. शिवाय बाहेरची लाईन द्यायला मध्ये माणूस बसलेला, हे त्या यंत्र करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. अतीकनं लॅपटॉपमधल्या टोनची वाट बघण्याच्या पर्यायावरची टिक काढून टाकली. एका दुहेरी सॉकेटमध्ये फोन आणि कार्ड दोन्ही लावले. मग रीत अशी ठरली की त्यानं फोन उचलून लाईन मागायची, तिनं द्यायची, टोन ऐकू आला की त्यानं डायलचं बटण दाबायचं आणि यंत्रानं लाईन धरली की फोन ठेवून द्यायचा. पहिल्याच दुपारी लागलं. आधी शिट्टी, मग पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज, मग शांतता. अतीक दारात येऊन हसला. "लागलं, अक्का."

पण फोटो काही जाईनात. पंधरा-वीस मिनिटं ठीक चालायचं, अर्धाअधिक फोटो जायचा आणि लाईन तुटायची. अतीकनं वेग कमी करून पाहिला, कार्ड काढून पुन्हा घातलं, वायर बदलली. त्याला नाकी नऊ आले. मालकांच्या कानावर गेलं. ते बोर्डाच्या खोलीत आले आणि सुंदरम्माच्या देखतच अतीकला म्हणाले, "असं असंल तर एक लाईन तुझ्या टेबलावर थेट देऊन टाकू. राहिली एक, ती माझ्याकडं. मग या बोर्डाचं कामच न्हाय."

हवापाण्यावर बोलावं तसं ते बोलले आणि निघून गेले. सुंदरम्मा हादरली. या खुर्चीशिवाय कारखान्यात आपण कोण, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी अतीकला कोडं सुटलं. तो तिच्याजवळ स्टुलावर बसला आणि हळूच म्हणाला, "अक्का, राग मानू नका. तुम्ही मध्ये लाईनवर येता का?"

"येते की. लई वेळ झाला तर विचारते, बोलणं झालं का म्हणून."

"त्यानंच तुटतं. यंत्र आवाजावरच चालतं. तुमचा आवाज आला की त्याला वाटतं, बिघडलं."

सुंदरम्माचं तोंड एवढंसं झालं. वीस वर्षं जे चांगलं वळण म्हणून पाळलं, तेच नेमकं नडत होतं. यंत्राला आपण इतके दिवस "बोलणं झालं का?" विचारत होतो, याचं तिला हसूही आलं आणि लाजही वाटली. "न्हाय येणार आता," ती म्हणाली. "तू लाव. पण बोर्डावरनंच लाव."

शुक्रवारी गिऱ्हाइकाची मुदत संपत होती. जेवणानंतर अतीकनं लाईन घेतली, शिट्टी वाजली, फोटो निघाले. बोर्डावर पहिल्या लाईनचा दिवा लागून राहिला. सुंदरम्मानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. कारकुनानं लाईन मागितली, ती दुसरी दिली. पाच मिनिटांत ती मोकळी झाली. पहिल्या कळीकडे तिचं बोट दोनदा गेलं आणि दोनदा परत आलं. अर्धा तास होत आला. अतीकनं शेजारच्या टेबलावरच्या फोनवरून कळवलं, दोन फोटो गेले, एकच राहिला. जमलं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

तेवढ्यात दुसरी लाईन वाजली. करकंबहून फिरदोस बोलत होती, शेडमधल्या गौसची बायको. एसटीडी बूथवरून बोलत होती आणि तिला धाप लागली होती. कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात पंढरपूरला नेताहेत, गौसनं करकंबला न जाता सरळ पंढरपूरला यावं. आणि एकदा त्याच्याशी बोलायचंय.

निरोप घेऊन ठेवता आला असता. मालकांचा हुकूमही तसाच होता. सुंदरम्मानं दिव्याकडे पाहिलं. बोर्ड सोडून गेलं आणि कुणी येऊन कळ दाबली तर संपलं. मग तिनं फिरदोसला तिच्या शुद्ध मराठीत सांगितलं, "ताई, फोन ठेवू नका, आणते त्यांना," आणि ती उठली.

गौसला घेऊन ती परतली तर मालक बोर्डापाशी उभे, रिसीव्हर कानाला. "कुटं हुता, बाई? मला मुंबईला बोलायचंय आन हितं नुसती शिट्टी वाजतीय. चारदा हॅलो म्हटलं, कोण बोलंना." पहिल्या लाईनचा दिवा विझला होता. अतीक पळत दारात आला, त्यानं मालकांच्या हातातला रिसीव्हर बघितला आणि गप्प राहिला. त्यालाही नोकरी होती.

सुंदरम्मानं आधी दुसरी लाईन गौसच्या हातात दिली. तो एवढंच म्हणत होता, "हाव, हाव, मैं आता, डर मत." ते ऐकत सगळे उभे राहिले.

मग मालक म्हणाले, "बाई जागेवर न्हायत, म्हणून झालं हे. थेट लाईनच घेऊ."

तुम्हीच तोडली, हे तिच्या जिभेवर आलं होतं. ती म्हणाली, "मी गौसला बोलवायला गेल्ते."

"त्याच्यासाठी ऑर्डर घालवायची?"

"व्हय," ती म्हणाली.

ऑर्डर तशी गेली नाही. अतीक लॅपटॉप आणि कार्ड काखोटीला मारून शहरातल्या आपल्या घरी गेला आणि राहिलेला फोटो तिथल्या फोनवरून पाठवला. गौसला मुलगी झाली. पण मालकांचा शब्द झाला होता. पुढच्या महिन्यात माणसं येऊन बोर्ड उचकटून घेऊन गेली. एक लाईन अतीकच्या कार्डाला, एक मालकांच्या टेबलावर. सुंदरम्माला पुन्हा घड्या घालायला बसवलं. पगार तोच ठेवला, हे मालकांनी चारचौघांत सांगितलं. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. सोबतच्या बायकांना ती म्हणाली, "मला भिंतीतला खिळा उपटावा तसं उपटलं बघा." घड्या मात्र तिच्या पूर्वीसारख्याच नीट पडत.

असे काही दिवस गेले आणि एका सकाळी मालक स्वतः पॅकिंगच्या दारात आले. मडिवाळप्पा म्हणून मागावर एकजण होता, त्याच्या भावाचा फोन होता. भाऊ रडतोय, कन्नडमध्ये काहीतरी सांगतोय, निरोप द्यायला तयार नाही.

"बाई, जरा हाक मारा त्याला."

"तुमीच मारा की," सुंदरम्मा म्हणाली आणि टॉवेलची कड जुळवत राहिली.

मालक गेले. शेडच्या दारात उभे राहून त्यांनी हाका मारल्या. माग धडधडत होते. त्यात मालकाचा आवाज काय आणि कुणाचा काय. मग ते आत शिरले, मागांच्या रांगेतून ओरडत फिरले. कामगारांना वाटलं, शेठ चिडलेत, म्हणून सगळे माना खाली घालून आणखी जोरात कामाला लागले. मालक घामाघूम होऊन परत आले.

"वर बघायलाच तयार न्हायत कोण. तुमी कसं बोलवत हुता?"

"हाका मारून न्हाय जमत. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवावा लागतो. हळू. बाईमाणसाचा हात बघितला की कळतं त्यांना, घरचा फोन हाय."

ती घडी पुरी करून उठली.

"मी आणते त्याला," ती म्हणाली. "तुमी जावा आन त्याच्या भावाशी बोलत ऱ्हावा. नुसतं 'थांब' म्हणू नका, काहीतरी बोला. फोन ठेवू देऊ नका."

मालक घाईघाईनं ऑफिसकडे निघाले, आणि ती शेडकडे.