राहिलेली ओटी

अक्का परराष्ट्रमंत्री झाली त्या दिवशी धारवाडात सप्तापूरच्या आमच्या घरी माणसांची रीघ लागली. कोपऱ्यावरचा दुकानदार पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "निम्म अक्का मिनिस्टर आग्यारंत?" तुमची अक्का मंत्री झाली म्हणे, असं त्याने तीनदा विचारलं आणि तीनदा मी हो म्हटलं. तिचं लग्न कधी करणार म्हणून ज्यांनी एके काळी आमचं डोकं खाल्लं होतं, ते "आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं" म्हणत चहा पीत होते. मी उभा जन्म कॉलेजात इतिहास शिकवला. तो कसा तयार होतो हे मला नवीन नाही.

तिची कारकीर्द सांगायला सोपी आहे. परीक्षा पास झाली, एका थंड देशातल्या दूतावासात गेली आणि तिथे आधी लोकांच्या हरवलेल्या पासपोर्टांची कामं निस्तरली. मग वाळवंटातला देश, मग बेटांचा. मग राजदूत, मग दिल्लीत खात्यातली सर्वांत मोठी खुर्ची. निवृत्त झाल्यावर बागकाम करीन म्हणाली आणि मंत्री झाली. एकदा मी तिला विचारलं होतं, "वाटाघाटी म्हणजे नक्की करता काय गं?"

"समोरच्याला नाही म्हणावं लागेल असं काही मागायचंच नाही," ती म्हणाली. "आधी अंदाज घ्यायचा. हो येणार असेल तरच तोंड उघडायचं."

प्रत्येक नेमणुकीवर जाण्याआधी ती धारवाडला यायची आणि निघताना तिची ओटी भरली जायची. तांदूळ, नारळ, हळकुंड, खण. आधी आई भरायची. वडील गेल्यावर रीतीप्रमाणे माझी बायको भरू लागली आणि आई बाजूला बसून "अजून एक ओंजळ घाल" म्हणू लागली. नव्या देशात अक्काच्या घरी पहिला भात त्याच तांदळाचा व्हायचा. तिचे यजमान, आमचे भावजी, तो भात फार कौतुकाने खायचे.

मग भावजी गेले. काही महिन्यांनी तिला पुढची नेमणूक आली. निघायच्या दिवशी आईने सवयीने ताट तयार केलं, त्याकडे बघत उभी राहिली आणि उचलून आत नेलं. विधवेची ओटी भरत नाहीत. अक्काने ते पाहिलं. "निघते, विमान चुकेल," म्हणाली. विमान संध्याकाळचं होतं आणि आमची जेवणंही व्हायची होती.

मला दोघींचा राग आला. आईला बोललो, तर म्हणाली, "रीत काय मी केली?" अक्काला फोनवर बोललो, तर तिने मला तिथल्या हवेबद्दल माहिती दिली. त्यानंतर ती यायची, पण हुबळीच्या गेस्ट हाउसात उतरायची आणि घरी तासभर बसून जायची. आई राहा म्हणाली की "बघू या" म्हणायची. हे असं पुष्कळ वर्षं चाललं. आई थकत गेली. गेल्या वर्षी तापात मला म्हणाली, "पोरगी माझ्या दारातून रिकामी जाते रे. मी गेल्यावर कुणाकडे येणार ती?"

मंत्री झाल्यावर हुबळीत सत्कार ठरला. वाटेत अर्धा तास घरी येणार असा निरोप आला. सकाळीच पोलिसांनी घर तपासलं. देवघरातला नारळसुद्धा एकाने कानाशी धरून हलवून पाहिला. तो तिथे कशाला होता हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

अक्का आली, बसली, उप्पीट खाल्लं. बाहेर गाड्या चालूच होत्या. सचिव दारातून डोकावला तशी ती उठली. "येते आई."

"थांब," आई म्हणाली आणि माझ्या बायकोला ताट आणायला सांगितलं. बायकोने ताट आणलं आणि भरायला पुढे झाली.

"तू नको. आज मी भरणार," आई म्हणाली.

बायको चाचरली. "आई, चालतं का?"

"मी तशी, ही तशी. कुणाला काय चालत नाही ते मला येऊन सांगू दे की."

अक्का पाटावर बसली आणि पदर पसरला. आईच्या ओंजळीतले निम्मे तांदूळ पाटाखाली सांडले. नारळ ठेवला, खण ठेवला. अक्काने रीतीप्रमाणे चार दाणे ताटात परत टाकले. सचिव पुन्हा डोकावला. ती उठेना. पदर तसाच धरून होती.

"आई, मागची एक राहिली आहे."

आईने तिच्याकडे पाहिलं. "मग तेव्हाच का मागितली नाहीस गं?"

"तू नाही म्हणाली असतीस तर?"

आईने थोडा विचार केला.

"तेव्हा म्हटलंच असतं," ती म्हणाली आणि ताटातले उरलेले तांदूळ तिने ओंजळीत घेतले.