गव्हाच्या डब्यातली नक्कल

एका मारामारीच्या केसमध्ये नगरच्या कोर्टाने माझ्या धाकट्या भावाला सात वर्षं ठोठावली. निकालाची शिक्क्याची नक्कल त्याला तिथेच मिळाली. पोलिसांच्या गाडीत चढता चढता त्याने ती माझ्या हातात कोंबली. मी त्याच्या कानाशी एवढंच बोलले, "आत कुणी कायबी म्हनू दे, कशावर सही करू नको."

माझा स्वभाव संशयी आहे, कबूल. वडिलांच्या जमिनीचे मूळ कागद एका एजंटाने 'दोन दिवसांत आणून देतो' म्हणून नेले, ते काही परत आले नाहीत. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले होते.

हायकोर्टात अपील करायला साठ दिवसांची मुदत. पहिला वकील म्हणाला, नक्कल ठेवून जा. झेरॉक्स घ्या म्हटलं, तर शिक्क्याचीच लागते म्हणे. म्हणजे याला आपल्याला अडकवून ठेवायचंय! उठले. दुसऱ्यानेही तीच मागितली, तेव्हा तर खात्रीच पटली की दोघांचं साटंलोटं आहे. तिसरा फार गोड बोलला, त्याच्या तर वाऱ्यालाही उभी राहिले नाही. नक्कल भिंगारच्या घरी गव्हाच्या डब्यात, अगदी तळाशी. शिवणाच्या मशीनवर बसले तरी डोळा त्या डब्यावर. वकील कागद हातात घेईल तेव्हापासून दिवस मोजतात, अशी माझी पक्की समजूत होती. ती खरी की खोटी, विचारायचं तरी कुणाला?

चौथ्या वकीलबाईंकडे मात्र नक्कल घेऊन गेले, हातातून न सोडता दाखवली. त्यांनी तारीख पाहिली आणि सांगितलं, दिवस निकालापासूनच मोजतात. मुदत संपून अठरा दिवस झाले. आता उशीर माफ करा असा अर्ज द्यायचा, कारण शपथेवर सांगायचं. कोर्टाला ते पटलं नाही, तर भावाचं अपील कुणी ऐकणारच नाही. भावाला भेटून येते म्हणाले, आणि नक्कल पिशवीत घालून निघाले.

जेलमध्ये काचेपलीकडे तो, अलीकडे मी, मधे फोन. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, आतले साहेब दोनदा फॉर्म घेऊन आले होते. वकील फुकट, अपील मुदतीत जाणार, फक्त सही पाहिजे.

"मंग?"

"तू म्हनली हुतीस न्हवं, सही करू नको. न्हाई केली. म्हनलं, अक्का हाय ना भाईर."

आणि लगेच विचारतोय, तुझी पाठ दुखायची थांबली का. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. परतीच्या एसटीत तोंडाला पदर लावून रडले.

दुसऱ्या दिवशी नक्कल वकीलबाईंच्या टेबलावर ठेवली आणि कारण सांगितलं: भावाने सही केली नाही ती माझ्या सांगण्यावरून, आणि बाहेर मी कुणावर विश्वास ठेवला नाही, चूक माझी आहे. त्यांनी तसंच लिहिलं. सही करण्याआधी मी ते दोनदा वाचलं. जित्याची खोड, काय करता!

अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. भाऊ आत आहे, आणि दर भेटीला तोच मला धीर देतो.