बाभळीचे ठोकळे

देहूरोडच्या डेपोतून लष्कराच्या जुन्या जीपा लिलावात निघायच्या, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही चौघांनी एकेक उचलली होती. मी पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होतो, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. दुसरा पिंपरी कॅम्पातला सिंधी वेल्डर. तिसरा देहूरोडचा निवृत्त हवालदार. चौथा माझा जिवाचा दोस्त, चाकणजवळच्या वस्तीवरचा शेतकऱ्याचा पोरगा. त्याच्याच खळ्यावर आमच्या चारही गाड्या उभ्या असत.

जीप आली की आधी तिचे कपडे उतरवायचे. टप काढा, मडगार्ड कापा, मागची सीट फेकून द्या, जमलं तर ट्रकचं इंजिन बसवा. मग ती मोशीच्या सरळ रस्त्यावर अशी सुटायची की बैल बुजायचे. वस्तीवरची म्हातारी माणसं आमच्या गाड्यांना 'नागड्या' म्हणत आणि आम्ही त्यावर खूष. एकाच्या गाडीला काही लागलं तर दुसऱ्याच्या गाडीतून खुशाल काढायचं, विचारायचंसुद्धा नाही. परत कधी देणार, असं विचारणारा हलकट समजला जाई.

आम्हा चौघांत जॅक एकच होता आणि बाभळीचे ठोकळे चार. गाडी उचलली की ते ठोकळे खाली सारायचे. विटेवर गाडी ठेवायची नाही, हा हवालदाराचा हुकूम होता. त्या रविवारी चारही ठोकळे माझ्या गाडीखाली होते. दोस्ताला त्याच्या गाडीचं मागचं चाक काढायचं होतं. तो म्हणाला, ठोकळे दे. मला माझी गाडी खाली उतरवायचा कंटाळा आला. वर मीच खेकसलो, की दहा मिनिटांच्या कामाला ठोकळे कशाला? आणि माझ्या हातानं मी तिथं विटा रचल्या.

वीट फुटली. गाडी त्याच्या डाव्या पायावर बसली. पुण्याला नेला, पण पाऊल घोट्यापासून काढावं लागलं.

तो कुबड्या घेऊन घरी आला तेव्हा मी भेटायला गेलो. त्याच्या आईनं मला चहा दिला. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो खिडकीतून गाडीकडे बघत राहिला. बाप मात्र स्पष्ट बोलला, "दसऱ्याला पूजेच्या टायमाला ती ह्याच्या हातानं चालली तर ठिवीन. न्हाईतर भंगारवाला घिऊन जाईल."

डावा पाय नाही म्हणजे क्लच नाही. आणि ती गाडी गेली तर हा माणूस पुन्हा उभा राहणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मग आम्ही एक येडेपणा केला. आपापला डावा पाय पंच्यानं मांडीला बांधला आणि आळीपाळीनं गाडी चालवून बघितली. वेल्डर सरळ निवडुंगाच्या कुंपणात घुसला. त्याचे काटे काढता काढता हवालदाराला हसू आवरेना. पण त्यातनंच युक्ती सापडली. गिअरच्या दांड्याला लागून दुसरा दांडा लावायचा. एका मुठीत दोन्ही धरून आवळले की क्लच दाबला जाईल, आणि त्याच हातानं गिअर पडेल.

त्यासाठी हवालदारानं स्वतःच्या गाडीची स्प्रिंग काढली. वेल्डरनं सगळा सांधा जोडून दिला. माझा हँडब्रेकच त्यात गेला, त्यामुळे पुढं कैक महिने मी चाकाला दगड लावून गाडी उभी करत होतो. एक गोष्ट मात्र मी करत नव्हतो. गाडी उचलायची वेळ आली की मी लांब जाऊन बसायचो. ठोकळे हवालदार लावायचा.

दसऱ्याला सकाळी गाडी धुतली, झेंडूचा हार तयार ठेवला. बाप ओट्यावर येऊन बसला. दोस्त कुबड्या टाकून गाडीत चढला, इंजिन चालू केलं, दोन्ही दांडे आवळले. काही नाही. परत आवळले. खालची पिन निसटली होती. बापानं मान फिरवली.

हवालदारानं जॅक लावून गाडी उचलली आणि तो ठोकळे आणायला वळला. वेल्डर म्हणाला, पिन बसवायला मी खाली शिरतो. दोस्तानं त्याला हातानं थांबवलं. तो खाली उतरला, जमिनीवर बसला आणि सरकत गाडीपाशी गेला. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं.

"ठोकळे तू लाव," तो म्हणाला.

मी लावले. चारही बसले, तसं मी म्हणालो, थांब जरा, गाडी हलवून बघतो.

"तू लावलेत न्हवं? मग बास झालं." आणि तो खाली शिरला. राहिलेलं एक पाऊल तेवढं बाहेर दिसत होतं.

पिन बसली. गाडी मोशीपर्यंत जाऊन आली, बापानं स्वतः हार घातला, असं वेल्डरनं मला नंतर सांगितलं. मी काही बघितलं नाही. मी खळ्यावर त्या चार ठोकळ्यांपाशी बसून ढसाढसा रडत होतो.