दोन्ही वेळा नुसतं 'यू'

महायुद्धानंतरच्या जर्मनीतले, फारसे कुणाला माहीत नसलेले हलकेफुलके प्रेमपट मी रविवारी बघते. इथे परदेशात, तांजोंग पगारच्या ऑफिसातला माझा जर्मन सहकारी म्हणतो, "ते आता आमची आजीसुद्धा बघत नाही." नसेल बघत. मागे बॉम्बने अर्धी पडलेली भिंत, आणि पुढे दोघं जण एका छत्रीवरून भांडता भांडता प्रेमात पडतात, हे बघून मी दर वेळी थक्क होते.

मी पुण्यात जर्मन शिकले, म्हणून इंग्रजी सबटायटल्सचा मला राग येतो. नायिका सिनेमाभर नायकाला अहो-जाहो करते आणि शेवटी एका वाक्यात 'अरे'वर येते. सगळा सिनेमा त्या एका शब्दासाठी असतो. खाली मात्र दोन्ही वेळा आपलं 'यू'!

परवा पुण्याहून आलेले आईबाबा जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर बसले होते. बाबा पेपर वाचत होते. आईला जर्मनचं एक अक्षर कळत नाही. तरी स्टेशनवरच्या प्रसंगात ती एकदम पुढे सरकली. "बघ, आत्ता ती त्याला 'अरे' म्हणाली!"

मी तिच्याकडे वळले. "तुला कसं कळलं?"

"चेहरा बघ ना तिचा."

सिनेमा संपला. आई उठली, स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि म्हणाली, "अरे, चहा घेतोस का?"

बाबांनी पेपर खाली केला. "कुणाला विचारतेस?"

जन्मभर त्यांना 'अहो' म्हणत आलेली आई म्हणाली, "तुला."