गुराबेवरची मखमली खुर्ची

मानवतमध्ये लढाऊ जहाज बांधायला घेणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेला. आश्रुबा दुसऱ्या प्रकारातले, असं ते स्वतः म्हणतात. त्यांच्या मंडळींचं, केशरबाईंचं, मत वेगळं आहे.

सहा डिसेंबरला दादरला गेलं की आपले लोक चैत्यभूमीवरून समुद्र बघून परत येतात. आश्रुबा एका वर्षी तिथून एका संग्रहालयात शिरले. काचेच्या पेटीत मराठा आरमाराच्या गुराबेची, म्हणजे लढाऊ जहाजाची, छोटी प्रतिकृती त्यांनी पाहिली आणि जन्मभराच्या फिटरला अंगात आल्यासारखं झालं. परतीची गाडी चुकता चुकता राहिली. मग नकाशे मिळवले आणि बाहेरच्या खोलीतला केशरबाईंचा दिवाण आरमाराच्या ताब्यात गेला.

पण काम काय देखणं हो! सागाच्या पट्ट्या गरम पाण्यात मऊ करून, वाकवून सांगाड्यावर बसवलेल्या. पुढं तोंड करून दोन तोफा. शिडांना मांजरपाट, तोही चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलेला. पातेलं अर्थात केशरबाईंचं. खरा एक फूट म्हणजे इथं पाव इंच, यात रवाभर कसूर नाही. दोरीची एक गाठ चुकली तर आश्रुबा सगळी दोरी सोडून पुन्हा बांधायचे.

इथंच थांबले असते तर गल्लीला बोलायला काही उरलं नसतं. पण माणसं नसली तर जहाज केवढं ते कसं कळणार? म्हणून त्यांनी दीड इंची माणसं कोरायला घेतली. आता आरमारातले खलाशी त्यांनी कुठं पाहिलेले? सुकाणूवर उभा राहिला तो हुबेहूब आपला बन्सीधर किराणेवाला, पोटासकट. बन्सीधर एवढा फुलला की तेल मोजता मोजता गिऱ्हाइकांना आरमाराच्या गोष्टी सांगायला लागला.

अशात सोनपेठहून आश्रुबांचे व्याही किशनराव आले. त्यांची सून, म्हणजे आश्रुबांची लेक सुकेशनी, पहिलटकरीण. तिला माहेरी कधी पोचवायची ते ठरवायला. केशरबाईंनी डिंक, खारीक आधीच आणून ठेवलेली. चहा घेता घेता दिवस ठरत आला. तेवढ्यात बन्सीधर आत टपकला आणि काडीपेटीतल्या काडीनं गुराबेवरची माणसं दाखवायला लागला.

"पाव्हणं, ह्यो मी. सुकाणूवर."

"आन् आमी?" किशनराव हसत म्हणाले.

बन्सीधरच्या पोटात काही राहत नाही. काडी खाली सरकली. तिथं एक माणूस धोतराचा काचा मारून, कमरेत वाकून पोहऱ्यानं पाणी उपसत होता. मिशा किशनरावांच्या.

झालं होतं असं की गेल्या पावसाळ्यात आश्रुबा सोनपेठला असताना किशनरावांच्या घरात नाल्याचं पाणी शिरलं. किशनरावांनी एकट्यानं घमेल्यानं असं तालात पाणी फेकलं की बघणारा फिटर खूश झाला आणि तेच त्यानं कोरलं.

"एक नंबर पाणी उपसता तुमी, पाव्हणं," आताही आश्रुबा मनापासून म्हणाले.

किशनरावांनी बशी खाली ठेवली. "दुकानदार सुकाणूवर, आन् पोराचा बाप पाणी उपसायला? राहू द्या. सुनंचं बाळंतपण आमी सोनपेठलाच करू."

ते गेले आणि केशरबाई सुरू झाल्या. "माझी लेक तिकडं आन् तुमचं लाकूड इकडं! लय मोठं आरमार! घरात एक माणूस सांभाळता येईना!"

आश्रुबांनी आधी बन्सीधरला, सुकाणू सोडतोस का, असं विचारून पाहिलं. तो म्हणाला, "अख्ख्या गल्लीला सांगून बसलोय. मी काय उतरत न्हाई."

मग त्याला उतरवून सुकाणू तुम्हाला देतो, असं सांगायला सोनपेठला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "दुसऱ्याची उतरलेली जागा आमाला नको. लग्नात आमाला कुठं बसवलं होतं, आठवा."

लग्नात बसवलं होतं स्टेजवर, लाल मखमलीच्या खुर्चीत.

आश्रुबा दुपारभर गुराबेसमोर बसून राहिले. आरमारात मखमली खुर्ची! दादरहून कुणी जाणकार आला आणि त्यानं पाहिली तर? पण जाणकार येणार होता केव्हातरी, आणि लेकीचे दिवस भरत आलेले. त्यांनी चाकू उचलला.

खुर्ची झाली, हातांसकट. तिच्यावर किशनराव, फेटा बांधून, गुडघ्यांवर पंजे ठेवून. जागा सुकाणूच्या मागं, बन्सीधरच्या डोक्यापेक्षा उंच. खालच्या उपसणाऱ्याच्या मिशा ब्लेडनं उतरवल्या, त्याला तारेचा चष्मा घातला. फोटो काढून सोनपेठला पाठवला.

उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी जीपच आली. पुढं किशनराव, मागं सुकेशनी, उशीला टेकून. केशरबाई लेकीला धरून आत घेऊन गेल्या. किशनराव तडक दिवाणापाशी. वाकून, डोळे बारीक करून त्यांनी स्वतःला नीट पाहून घेतलं.

"तुरा थोडा बारका झालाय," ते म्हणाले, आणि समोरची खरी खुर्ची ओढून बसले. तोवर बन्सीधर दारात हजर.

"बन्सीभाऊ, सुकाणू नीट धरा," किशनराव म्हणाले. "आमाला वर गचके बसायलेत."

बन्सीधरनं दाराची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

आतून सुकेशनीचा आवाज आला. "आई, फोटोत ते खाली चष्मेवालं कोण पाणी उपसायलंय गं?"

"तुझे बाबा. इतके दिवस नुसते बसून होते, आता लागले कामाला."

आश्रुबांनी नाकावरचा तारेचा चष्मा वर सरकवला आणि लेकीच्या पायाखाली द्यायला जास्तीची उशी घेऊन आत गेले.