घरात पडणारा बर्फ

सत्याचा पुरावा जपून ठेवणं ही प्रत्येक पिढीची जबाबदारी असते, असं आमचे अण्णा मानत. आमच्या घरी हा पुरावा पत्र्याच्या ट्रंकेत, एकोणीस व्हिडिओ कॅसेटींच्या रूपात होता आणि त्यात मुख्यतः अस्वलं होती.

केबल घरोघरी आली तेव्हा नव्या पेठेतली एक व्हिडिओ लायब्ररी बंद होत होती. अण्णा तिथं पोचले तोवर सिनेमे लोकांनी नेले होते. उरल्या होत्या त्या कॅसेटी अनेकांनी हातात घेऊन परत ठेवलेल्या होत्या. सगळी थंडीतली आणि नाताळची छोटी छोटी कार्टून. बर्फात अस्वल, घसरगाडीवर उंदीर, चिमणीत अडकलेलं बदक. भाषा इंग्रजी नव्हती, कोणती होती ते मालकालाही माहीत नव्हतं. "घेऊन जावा की साहेब, पोरं बघतील," तो म्हणाला. अण्णा खोकं रिक्षात घालून घरी आले, प्रत्येक कॅसेटीवर नंबराची चिठ्ठी चिकटवली, आणि संध्याकाळपर्यंत त्या खोक्याचं नाव 'संग्रह' झालं होतं. निवड अण्णांची नव्हती, इतरांनी नाकारल्यामुळे ती झाली होती. मी कॉलेजात इतिहास शिकवते. बरेचसे संग्रह असेच तयार होतात, एवढं मी अभ्यासान्ती सांगू शकते.

संग्रह फक्त उन्हाळ्यात उघडायचा. मे महिन्यात दुपारी एकला आई खिडक्यांवर ओल्या चादरी टाकायची, आम्ही भावंडं फरशीवर आडवी व्हायचो आणि अण्णा कॅसेट लावायचे. बाहेर चव्वेचाळीस असायचं. आत अस्वल टोपी घालून लाकडं फोडायचं. आमच्याकडे नाताळ अक्षय तृतीयेनंतर यायचा आणि आमरसाबरोबर साजरा व्हायचा. डिसेंबरात ट्रंकेला कोणी हात लावत नसे. "थंडीत बर्फ बघून काय करायचंय?" असं अण्णांचं म्हणणं.

आता खंडेनवमी. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या हत्याराची पूजा करायची. अण्णा सरकारी कचेरीत कारकून, त्यांचं हत्यार म्हणजे एक पेन. त्यावर त्यांचं समाधान होत नसे. मग आईची विळी, शिलाई मशीन, स्कूटर यांच्या रांगेत व्हीसीआर आणि एकोणीस कॅसेटी पाटावर यायच्या. आई प्रत्येक खोक्याला हळदीकुंकवाचं बोट लावून पुढं सरकायला लागली की अण्णा तिला थांबवायचे.

"वरून लावलेलं खोक्याला लागतं. चित्र खोक्यात नाही, फितीत आहे."

"अहो, नमस्कार पोचतो."

"पोचत नाही. अर्ज योग्य टेबलावर द्यावा लागतो."

कॅसेटीच्या पुढं एक झडप असते. कडेची बारीक कळ पेनाच्या टोकानं दाबली की ती उघडते आणि आतली काळी फीत दिसते. अण्णा झडप उघडून चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू थेट फितीवर सोडायचे. मग झडप बंद. असं एकोणीस वेळा, दरवर्षी.

तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्यापासून कार्टूनमधल्या घरांत बर्फ पडायला लागला. आधी तो बाहेर पडायचा, तसा बाहेर पडतच होता. आता आतही पांढरे ठिपके भुरभुरू लागले. अस्वल आजारी खारीला पेज भरवायचं तेव्हा पेजेत बर्फ. नाताळचा म्हातारा झोपलेल्या पिल्लांच्या उशाशी खाऊ ठेवायचा तेव्हा पांघरुणावर बर्फ. चुलीत लाल जाळ आणि त्या जाळातही बर्फ. आम्हाला त्यात काही खटकलं नाही. आमच्याकडे घरात धूळ येते, तिकडे बर्फ येत असेल. अण्णांनी तसं समजावूनही सांगितलं. सहावीत भूगोलाच्या पेपरात 'शीत कटिबंधातील जनजीवन' या प्रश्नात मी लिहिलं की तिथले लोक घरात पडलेला बर्फ सकाळी झाडून काढतात. बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली.

तीस वर्षं हे ज्ञान आमच्या घरात सुखानं नांदलं. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले, कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात जायला लागले, आणि गेल्या वर्षी उन्हाळा तापल्यावर बाकावर विषय निघाला तेव्हा त्यांनी ते ज्ञान संघाला दिलं. दुर्दैवानं तिथं बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब बसले होते. ते मुलाकडे कॅनडात सहा महिने राहून आलेले.

"घरात?" साहेब म्हणाले. "घरात कसा पडेल हो? घरात हीटर असतो. आम्ही बनियनवर बसायचो."

"तुम्ही नव्या घरात राहिला असाल," अण्णा म्हणाले.

"सहा महिने राहिलोय मी."

"मी तीस वर्षं बघतोय."

बाकावरचं कोणीतरी म्हणालं, "पुरावा हाय का पण?"

"एकोणीस आहेत," अण्णा म्हणाले.

संघाचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. आठवड्यात एखादा सत्कार झाला नाही तर त्यांना अन्न गोड लागत नाही. त्यांनी तिथल्या तिथं कार्यक्रम जाहीर केला: शनिवारी सायंकाळी सहा वाजता संघाच्या सभागृहात संग्रहाचं दर्शन आणि संग्राहकाचा सत्कार. साहेबांनाही पहिल्या रांगेत बसण्याचं निमंत्रण दिलं.

अण्णांनी घरी येऊन व्हीसीआर लावला. तो सहा वर्षं लावलेला नव्हता. त्यातून जळका वास आला आणि नंतर काहीच आलं नाही. कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून आणण्याचं काम माझ्याकडे आलं.

नव्या पेठेच्या मागच्या गल्लीत एक माणूस पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचा, आता लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेटी उतरवून देतो. मी खोकं ठेवून आले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मी गेले तेव्हा त्यानं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं, वर एक कॅसेट स्क्रू काढून उघडी ठेवलेली, आणि शेजारी लालपिवळ्या भुकटीचा लहानसा ढीग.

"मॅडम, हे कुंकू हाय की," तो म्हणाला.

"हो."

"लग्नाच्या कॅसेटीतनं तांदूळ निघालेत माझ्याकडं. एकदा मुंडावळीचा मणी निघाला. कुंकू पयल्यांदाच." त्याचा आवाज तक्रारीचा नव्हता, नोंद करून ठेवल्यासारखा होता. "पयली कॅसेट तशीच चालवली, मशीनचं हेड चोक झालं. मग उघडून बघतोय तर हे."

त्यानं मला दोन चित्रं दाखवली. एकाच कॅसेटीची. पहिलं साफ करण्याआधी उतरवलेलं: अस्वलाच्या स्वयंपाकघरात आमचा लहानपणचा बर्फ भुरभुरत होता. दुसरं स्पिरिटनं फीत पुसल्यावरचं: तेच स्वयंपाकघर, तीच खार, तीच पेज, आणि हवा स्वच्छ. खिडकीबाहेर मात्र बर्फ पडतच होता.

"कचरा बसला फितीवर की चित्रात असे ठिपके येतात," तो म्हणाला. "सगळ्या पुसून देतो. मस्त होतील."

मी दोन्ही चित्रं मोबाइलवर घेतली आणि रिक्षात बसून घरी येताना अण्णांना कसं सांगायचं याचा विचार करत होते. अण्णांचं नोकरीतलं नाव एकाच गोष्टीसाठी होतं. चुकीची नोंद ते कधी खोडरबरनं पुसत नसत. लाल शाईनं आडवी रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं, खाली सही करायची. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी आधीच्या सहा वर्षांतल्या आपल्याच दोन चुका शोधून त्यांवर अशा सह्या केल्या होत्या.

मी सरळ सांगितलं. त्यांनी मोबाइलवर दोन्ही चित्रं पाहिली, पुन्हा पाहिली. आई मागून वाकून बघत होती.

"मी म्हणत होते, खोक्याला लावा," ती म्हणाली.

अण्णांनी मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे साहेब बरोबर."

"जाऊ द्या हो अण्णा," मी म्हणाले. "कार्टून दाखवायची, लोक हसतील, घरी येतील."

"आणि सत्कार? खोट्या नोंदीवर सत्कार घ्यायचा?" त्यांनी चप्पल घातली. "मी रद्द करून येतो."

मीही गेले. अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आतून एक फ्रेम आणली. काचेखाली सोनेरी वेलबुट्टीत मानपत्र होतं. 'शीतप्रदेशीय गृहांतर्गत हिमवर्षावाचे थोर अभ्यासक' ही पहिली ओळ. पुढं आणखी अकरा ओळी होत्या आणि त्यांचं व्याकरण निर्दोष होतं.

"फ्रेम झाली आहे," अध्यक्ष म्हणाले.

"पण ते खरं नाही."

"ते आपण नंतर बघू. फ्रेम झाली आहे."

"मग मी आधी स्टेजवर सांगतो. सत्कार घेणार नाही."

"मनोगत सत्कारानंतर असतं," अध्यक्ष म्हणाले. "सत्काराआधी मनोगत कशाचं व्यक्त करणार?"

अण्णा नियमांचे माणूस. कार्यक्रमपत्रिका मोडणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी ठरवलं की मनोगतात लाल रेघ मारायची. पुढचे तीन दिवस ते घरात ते भाषण पाठ करत होते. त्यात एकूण चार वाक्यं होती.

शनिवारी सभागृह भरलं होतं. तीन पंखे होते, त्यांतला एक नुसता घरघरत होता. दीपप्रज्वलन झालं. काडी विझू नये म्हणून उरलेले दोन्ही पंखे बंद केले गेले आणि पुन्हा सुरू करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. प्रास्ताविक झालं, पाहुण्यांचा परिचय झाला, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय झाला. मग अण्णांच्या खांद्यांवर चादर आली, सोलापुरी, दुहेरी विणीची, जानेवारीत पुरेल अशी. हातात नारळ, काखेत मानपत्र. अशा अवस्थेत, घामानं निथळत, ते माइकसमोर उभे राहिले.

"मी आजवर सांगत आलो की थंड देशांत घरात बर्फ पडतो. ते चूक आहे. आमच्या कॅसेटींत कुंकू गेलं होतं. साहेब बरोबर आहेत, आणि मी त्यांची माफी मागतो."

त्यांनी मला खूण केली. मी लॅपटॉपवर आधी पहिलं चित्र लावलं, मग दुसरं. बर्फ पडणारं स्वयंपाकघर, बर्फ न पडणारं स्वयंपाकघर. तेच अस्वल, तीच खार. यापेक्षा स्वच्छ पुरावा मी माझ्या नोकरीत कधी पाहिलेला नाही.

मग बायकांच्या रांगेतून एक आजी म्हणाल्या, "अवो, पयलं थंडीतलं हाय आन दुसरं उन्हाळ्यातलं. उन्हाळ्यात कुटं बर्फ पडतंय?"

"बाहेर पडतोय की, खिडकीतून बघा," साहेब म्हणाले.

"बाहेर हाय नव्हं? मग आत याला किती वेळ लागतोय?"

सांगोल्याकडचे एक आजोबा उठले. त्यांचं तरुणपण मेंढरांमागं गेलं होतं. "आमी पालावर राहायचो तवा पाऊस आत यायचा. वारं आत यायचं. एकदा कोल्हं आत आलं. मग बर्फानंच काय पाप केलंय?"

साहेब उभे राहिले. "अहो, ते स्वतः सांगतायत कुंकू होतं म्हणून. मी कॅनडात राहून आलोय."

"तुमी बनियनवर बसला होता म्हणं," आजोबा म्हणाले. "मग तुमाला काय कळतंय थंडीचं?"

अण्णा माइकपाशी तसेच उभे होते. "नाही हो," ते म्हणाले, "मी चुकलो, माझंच चुकलं."

"बघा," मागून कोणीतरी कौतुकानं म्हणालं, "किती नम्र माणूस हाय."

टाळ्या वाजल्या. अण्णांनी हात हलवून नको नको केलं तशा आणखी वाजल्या. मी माझ्या खुर्चीत बसून विचार करत होते की चूक जाहीर करायला माणसाला अजून काय करावं लागतं. लाल शाईला निदान कोणी टाळ्या वाजवत नाही.

अध्यक्षांनी हात वर करून शांतता केली. एकीकडे सत्कारमूर्तींचं म्हणणं होतं, दुसरीकडे फ्रेम होती. असा पेच संघापुढं पूर्वी आलेला नव्हता, पण मार्ग घटनेत होता. त्यांनी ठराव मांडला: 'शीत प्रदेशांत घरांच्या आतही हिमवर्षाव होतो, असे या सभेचे मत आहे.' आजोबा अनुमोदक. सचिवांनी वही उघडली.

"विरोधात कोण?"

साहेबांनी हात वर केला. अण्णांनी नारळ डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला. कॉलनीतल्या सगळ्यांत मोठ्या वादातले दोन विरोधक पहिल्यांदाच एका बाजूला उभे होते. साहेबांनी अण्णांकडे बघून मान हलवली. अण्णांनीही हलवली. आता ते रोज सकाळी बरोबर फिरायला जातात.

चहा झाल्यावर अण्णा सचिवांपाशी गेले. ठराव मंजूर झाला तर झाला, म्हणाले, निदान माझा विरोध नोंदवलेला दाखवा. सचिवांनी वही फिरवून त्यांच्यासमोर धरली. विरोधात एक मत लिहिलेलं होतं, साहेबांचं. संघाच्या घटनेनुसार सत्काराच्या दिवशी सत्कारमूर्तीला मताचा अधिकार नसतो.