दिनकरची पाटी मी काढली

खंडेराव मार्केटमध्ये पापडी निवडत होतो, तेव्हा दिनकरच्या घरून सुलभावहिनींचा फोन आला. “भावजी, हे गेले,” एवढंच म्हणाल्या. पिशवी तिथेच विसरून मी निघालो. दहाव्या दिवसानंतर आमच्या मराठी मंडळात दिनकरसाठी शोकसभा झाली. लोक चांगलं बोलले. शेवटी एक जुने सभासद म्हणाले, “तो मशीनचा प्रकार सोडला, तर माणूस अगदी सरळ.” चार माना हलल्या. खरं काय ते त्या सभागृहात मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी तेव्हाही गप्प बसलो... म्हणून आता हे लिहितो आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दिनकरने आणि मी घडियाळी पोळ या आमच्या जुन्या गल्लीत एका दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर क्लास काढला. शिकवायचा तो, फी आणि जाहिरात माझ्याकडे. शिकवून झालं की तो एका वेगळ्याच उद्योगात बुडालेला असे. पोळातल्या मराठी घरांतून त्याने जुनी पत्रं मागून आणली होती. नावं झाकून वहिनी ती वाचून दाखवायच्या आणि दिनकर मशीनमध्ये भरायचा. कुठल्या शब्दामागून कुठला शब्द किती वेळा येतो, हे मशीन मोजून ठेवी. आपली पत्रं ती केवढी ठरीव! ‘साष्टांग नमस्कार’, ‘इकडील सर्व क्षेम’, ‘काळजी करू नये’. आपण एखादं वाक्य टाइप केलं की मशीन त्यातला एक शब्द उचलायचं आणि त्याच्यापुढे नेहमी येणारे शब्द जोडत जायचं. प्रिंटर करकरत पत्र बाहेर काढायचा, आणि ते खरंच कुणी लिहिल्यासारखं वाटायचं. मी थक्क झालो तर तो हसला. “अरे सदू, याला कसली काळजी? ‘काळजी’पुढे ‘करू नये’ येतं, एवढंच याला ठाऊक.”

गणपतीत मंडळाच्या प्रदर्शनात आम्ही ते मशीन मांडलं. दिनकरने स्वतःच्या अक्षरात पाटी लिहून आणली, ‘हे यंत्र काही जाणत नाही. जुन्या पत्रांतले शब्द एकापुढे एक मांडतं.’ मी म्हटलं, “सणासुदीला दुकान मांडायचं आणि वर ‘माल खोटा’ अशी पाटी लावायची?” तो म्हणाला, “माल खोटा नाही रे. पण लोक त्याला माणूस समजतील.” पहिल्या दिवशी लोक पाटी वाचायचे आणि पुढच्या स्टॉलकडे वळायचे. दुसऱ्या दिवशी दिनकर जेवायला घरी गेला, तेव्हा मी पाटी काढून टेबलाखाली सरकवली. तासाभरात रांग लागली.

त्या रांगेत कुसुमताई होत्या. त्यांचा मुलगा मस्कतला नोकरीला गेलेला, दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही. त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. ‘दिवाळीला तरी येशील का?’ मशीनने ‘दिवाळीला’ उचललं आणि त्यापुढे पत्रांत सर्वांत जास्त वेळा जे आलं होतं तेच छापलं. ‘दिवाळीला येतो. काळजी करू नये.’ रांगेतल्या लोकांकडे बघत मी मोठ्याने म्हणालो, “घ्या ताई, येतोय म्हणतो!” लोक हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या हलक्या हाताने फाडून काढल्या, घडी घातली आणि तो पदराखाली धरून घरी नेला.

दिवाळीला त्यांनी मुलाची खोली रंगवून घेतली. पाच दिवस गाड्यांच्या वेळा बघून स्टेशनवर जात राहिल्या. तो आला नाही... आजतागायत आलेला नाही.

मंडळाची बैठक बसली. एका बाईच्या दुःखाची दिनकरच्या मशीनने थट्टा केली, असं लोक म्हणाले. पाटी का नव्हती, असं कुणीतरी विचारलं. दिनकरने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे बघत होतो. तो उभा राहिला आणि म्हणाला, “मशीन माझं होतं. चूक माझी.” पुढच्या महिन्यापासून पालक आपल्या मुलांना त्याच्या बॅचमधून काढू लागले. तो सावली गावाजवळच्या एका कारखान्यात लागला, रोज बसने जाऊ-येऊ लागला. माझा क्लास चालला, चांगला चालला. त्याने मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही, आणि याच गोष्टीने मला इतकी वर्षं पोखरलं.

गेल्या वर्षी माझ्या नातीने त्याला मोबाइलमधलं बोलणारं मशीन दाखवलं. तो तासभर रमला. “आपलंच काम आहे गं हे,” तो तिला म्हणाला, “पुढचा शब्द कुठला, तेच ओळखायचं. फक्त आम्ही पोळातली पत्रं वाचली, यानं जगाचं लिखाण वाचलंय. त्यामुळे जाण बरीच दिसते. पण माणसाला बरं वाटेल असं बोलायलाही शिकवलंय याला... त्याची मला धास्ती वाटते. एकट्या माणसाला ते हवंच असतं ना.” मी शेजारीच बसलो होतो. तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

शोकसभेनंतरच्या रविवारी कुसुमताईंकडे गेलो. नव्वदी गाठली आहे, कान शाबूत आहेत. “बसा ने,” इकडच्या गुजराती वळणाने म्हणाल्या आणि लीलो चिवडो, म्हणजे इकडचा ओलसर चिवडा, बशीत घालून पुढे केला. मी सगळं सांगितलं. त्यांनी चिवड्याची बशी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “पाटी असती तरी मी तेच ऐकलं असतं हो. मला तेच ऐकायचं होतं. माझं सोडा. पण दिनकररावांना बैठकीत एकट्याला उभं राहू दिलंत, ते काही बरं नाही केलंत. ते मंडळात सांगा.”

“सांगतो,” मी म्हटलं.

“इतकी वर्षं दर रविवारी चारला यायचे ते. मी दर वेळी विचारायची, का लिहीत नसेल हो माझा मुलगा? ते म्हणायचे, ठाऊक नाही ताई. आणि बसून राहायचे. सहापर्यंत.”

मला हे माहीतच नव्हतं. वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “मला वाटायचं, तुमच्याकडे येतात.”

गेल्या रविवारी चार वाजता पुन्हा गेलो. ताईंनी चहा दिला आणि मलाही तोच प्रश्न विचारला. काहीतरी गोड बोलावं, असं फार वाटलं. “ठाऊक नाही, ताई,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग आम्ही दोघं सहा वाजेपर्यंत बसून राहिलो.